हिरवी टिकली

टण्ण.

घरात तेव्हा इतकी शांतता होती की फ्रिजसुद्धा दबकून चालत होता. रुचू झोपलेली, नवरा देवेश साजगावला फॅक्टरीत गेलेला, कुकर अजून शिट्टीच्या विचारात, आणि हर्षला ओट्याला टेकून एकटीनं गरम चहा पीत होती. पदरात लहान मूल असलेल्या बाईला गरम चहा एकटीनं मिळणं हा योग पंचांगात छापत नाहीत, त्यामुळे तो साधायचा कसा हे जिचं तिलाच ठाऊक. नेमक्या त्या घोटाला देवघराकडून आवाज आला. टण्ण. आणि पाठोपाठ स्टीलच्या ताटात काहीतरी घरंगळत गेल्याचा.

हर्षला कप हातात घेऊनच धावली.

देवघरासमोर पाट मांडलेला. पाटावर विळी, कोयता, हातोडी, कात्री, देवेशचा लॅपटॉप, आणि सगळ्यांच्या पुढे मानाच्या ताटात, झेंडूच्या वर्तुळात, गाडीचे चार कोरे स्पार्क प्लग. प्रत्येकाला ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट. त्यातला एक आडवा झाला होता आणि आनंदीबाई, म्हणजे हर्षलाच्या सासूबाई, त्याला परत सरळ बसवत होत्या, जसं पंगतीत पेंगणाऱ्या पोराला बसवावं.

"आई! अहो, ते प्लग आहेत!"

"ठावं हाय मला," आनंदीबाई म्हणाल्या. "आज खंडेनवमी. हत्यार पुजल्याबिगर वापरायचं नसतं. तुजे सासरे तर पेट्रोलच्या टोपणाला पण कुंकू लावायचे."

"पण हे इंजिनाच्या आत जातात, आई. आत ठिणगी पडते."

"मंग तर लावायलाच पायजे की गं. इस्तवाशी खेळ हाय."

हर्षलाचं बी.एस्सी. फिजिक्स तोंडाशी आलं होतं. पण तिनं ते गिळलं. कारण पूजेचं तबक आनंदीबाईंच्या हातात यावं म्हणून तीच भांडली होती. सासरे गेल्यापासून आनंदीबाईंनी हळदीकुंकवाच्या तबकाला हात लावला नव्हता. सोसायटीत हळदीकुंकू असलं की त्या आतल्या खोलीत जाऊन मटार सोलायच्या. मटार नसले की लसूण. यंदा हर्षलानं ठणकावून सांगितलं, "पूजा तुम्हीच करायची. गाडी बाबांची, हात तुमचा." तळमजल्यावरच्या वनितावहिनींनी तोंड वाकडं केलं, तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून हर्षलानं त्यांना असं काही भाषण दिलं होतं, की टाकी भरून वाहायला लागली तरी कोणाचं लक्ष गेलं नाही. आनंदीबाई चार दिवस नाही नाही म्हणाल्या. आणि आज सकाळी न सांगता, नवी साडी नेसून, तबक घेऊन बसल्या.

त्यांच्या बोटाला हळद लागली होती. हर्षलाचा चहा निवला.

"छान केलंत," ती म्हणाली.

*

आता हे प्लग घरात आले कसे, ते सांगायला हवं.

गाडी म्हणजे सासऱ्यांची जुनी लाल चारचाकी. रंग मूळचा लाल. हल्ली तो मिरची लोणच्यात मुरल्यावर होतो तसा. सासरे ती रविवारी धुवायचे, सोमवारी पुसायचे आणि मंगळवारी नुसतेच आत बसून पेपर वाचायचे. दसऱ्याला मात्र ती हटकून निघे. आनंदीबाईंची थोरली बहीण सोनाबाई कोंडाण्याला असते, पाय गेलेत, अंथरुणाला खिळलेली. तिला आपट्याचं सोनं द्यायला दोघं नवरा-बायको त्या लाल गाडीतून जायची. यंदाही जायचं, गाडी हर्षला चालवणार, असं ठरलं. ठरल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी कर्जतच्या चारफाट्यावर आचके द्यायला लागली.

गाडीला आचके यायला लागले की माणसाला कळतं, आपल्या सोसायटीत किती इंजिनिअर राहतात. वनितावहिनी म्हणाल्या, दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांधा. हर्षद, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, वय चाळीस, आवाज साठीचा, ते म्हणाले, "पेट्रोलमध्ये पाणी आहे, वहिनी. मी कधीच अर्ध्याच्या खाली टाकी जाऊ देत नाही." त्यांच्याकडे स्कूटर आहे. शेजारचे धर्माजीकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिन लावून रेटा देण्याचं काम केलं. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक अडचणीला एकच औषध होतं.

"मागून जोर कमी पडतोय," ते म्हणाले. "बँकर लावा."

शेवटी हर्षला ती खोपोलीच्या एका गॅरेजवाल्याकडे घेऊन गेली. त्यानं बोनेटही न उघडता, कान तिरपा करून निदान केलं. "मिसिंग मारतेय. प्लग गेले. दसऱ्यानंतर या, ताई. आता नुसत्या धुवायच्याच पस्तीस गाड्या उभ्या हायेत."

दसऱ्यानंतर गाडी दुरुस्त होऊन दसऱ्याला कोंडाण्याला कशी जाणार, हा प्रश्न त्याला पडला नाही. हर्षलाला पडला. त्या रात्री रुचूला थोपटता थोपटता तिनं मोबाईलवर प्लग बदलण्याचा व्हिडिओ पाहिला. त्यात एक हसतमुख माणूस इतक्या सहज प्लग काढत होता, जसं आपण ताटातली मिरची बाजूला काढावी. "कोणीही करू शकतं," असं तो दर वाक्याला म्हणत होता. यातलं 'कोणीही' म्हणजे आपणच, असं हर्षलानं मनावर घेतलं.

देवेशला सांगितलं तर तो म्हणाला, "मी येईपर्यंत हात लावू नकोस." देवेश मनाचा चांगला आहे, पण बायकोला एखादी गोष्ट करायला लावायची असेल, तर काय बोलावं हे त्याला अजून कळलेलं नाही आणि नकळत तो नेमकं तेच बोलतो. प्लग मात्र त्यानंच आणून दिले. पहिल्यांदा मोटारसायकलचे आणले, दुसऱ्यांदा गाडीचे.

मग उरली सोसायटी. हर्षलानं ग्रुपवर सहज लिहिलं की उद्या पार्किंगमध्ये प्लग बदलणार आहे, कोणाकडे लांब दांड्याचा पाना असल्यास द्यावा. पाना आला नाही, नियम आला. पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीस मनाई आहे, हर्षदरावांनी कळवलं. अर्ज करावा, कमिटीच्या पुढच्या बैठकीत विषय घेऊ. प्लग बदलणं ही दुरुस्ती आहे की देखभाल, यावर ग्रुपवर दुपारभर काथ्याकूट झाला. एकानं बल्ब बदलण्याचा दाखला दिला. दुसऱ्यानं, मग उद्या कोणी म्हशी धुतील, असं म्हणून विषय म्हशींवर नेला. शेवटी हर्षदरावांनी खाजगीत लिहिलं, "वहिनी, राग मानू नका, पण हे बायकांचं काम नाही. बोट वगैरे जायचं."

हर्षलानं त्याला खाजगीत उत्तर दिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. तिनं ग्रुपवर दिलं. "फिजिक्सवालीला ठिणगी शिकवू नका," असं लिहून पुढे एक हसरा चेहरा आणि एक झणझणीत विजेचं चित्र. त्रेचाळीस घरांनी ते वाचलं.

माणसाची अब्रू पूर्वी चारचौघांत जायची. आता तिच्यासाठी ग्रुप असतो.

*

तर खंडेनवमीच्या सकाळी, पूजा झालेले प्लग घेऊन हर्षला न्हाणीघरात शिरली आणि कडी लावली. आत तिनं काय केलं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रुचूच्या जुन्या टूथब्रशनं तिनं चारही प्लग घासले. हळद गेली, कुंकू गेलं, फटीतलं गेलं, टोकाचं गेलं. कोरड्या फडक्यानं पुसले, मग केस वाळवायच्या यंत्राखाली धरले. फक्त पांढऱ्या चिनीमातीच्या भागावर एकेक फिकट पिवळी छटा राहिली. हळदीचा डाग लग्नातल्या करवलीच्या साडीवरून वर्षभर जात नाही, तो न्हाणीघरात काय जाणार! पण ती छटा बाहेरच्या अंगाला, ठिणगीच्या वाटेत नाही. तेवढं फिजिक्स तिला पक्कं येत होतं. कडी काढली तर दारात रुचू उभी, झोपेतून उठलेली, एक वेणी सुटलेली.

"मम्मी, तू प्लगचे दात घासलेस?"

"हो. आणि हे आजीला सांगायचं नाही."

रुचूनं तोंडावर बोट ठेवलं. साडेचार वर्षांच्या मुलीचं तोंडावरचं बोट किती वेळ टिकतं, याचा अंदाज घ्यायला त्या वेळी सवड नव्हती.

पार्किंगमध्ये मनाई, म्हणून गाडी फाटकाबाहेर नेणं भाग होतं. फाटक आणि गटार यांच्यामधली पट्टी नगरपरिषदेची, तिथे सोसायटीचा कायदा चालत नाही, हे खुद्द हर्षदरावांनीच शोधून दिलं. कायद्याचा माणूस, मन मोठं. गाडी चालू करून न्यावी तर इंजिन तापणार, आणि व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, इंजिन गार हवं. म्हणून ढकलायची. धर्माजीकाकांना दसऱ्याला नागपूरला जायची यंदा गाडी मिळाली नव्हती, विहारातला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, त्यामुळे ते मोकळे होते, आणि या क्षणासाठीच जणू निवृत्त झाले होते.

"बँकर मागे!" ते ओरडले. "पुढचा ड्रायव्हर फक्त दिशा देईल! शिट्टी झाल्याबिगर कोणी हलायचं नाही!"

शिट्टी त्यांनी तोंडानंच मारली. गाडी हलली. फाटकाशी उतार आहे हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. गाडी बँकरला मागे टाकून स्वतःच निघाली आणि गटाराच्या काठावर, हर्षलाचा पाय वेळेवर ब्रेकवर पडला म्हणून, थांबली. धर्माजीकाका धापा टाकत आले. "हाच तो घाट," ते म्हणाले. "चढताना रेटा लागतो, उतरताना देव... म्हणजे ब्रेक."

बोनेट उघडलं. आत प्लगवर टोप्या घातलेल्या चार जाड काळ्या वायरी होत्या. ज्या वायरीचा जो प्लग, तिनं त्याच्याशीच संसार करायचा. एकीनं दुसरीच्या घरी जायचं नाही, नाहीतर इंजिन बिघडतं. म्हणून एका वेळी एकच वायर काढायची, प्लग बदलायचा, वायर लावायची, मग पुढची. हे व्हिडिओत नक्की सांगितलं असणार. पण त्या जागी साबणाची जाहिरात लागली होती आणि रुचू रडत उठली होती. हर्षलानं चारही वायरी एकदम काढल्या.

मात्र ती अगदीच वेडी नव्हती. काढण्याआधी तिनं प्रत्येक टोपीवर आणि तिच्या जागेशेजारी एकेक टिकली चिकटवली: लाल, हिरवी, निळी आणि चमकीची. टिकल्यांचं पाकीट रुचूचं. ती आनंदानं एकेक टिकली बोटावर घेऊन देत होती, नर्सबाईंसारखी. हर्षलाला आपल्याच युक्तीचं कौतुक वाटलं. तिनं त्याचा फोटोही काढला असता, पण हात काळे झाले होते.

सासऱ्यांचा जुना पाना डिकीत सापडला होता, त्यानं पहिला प्लग निघाला. दुसरा कुरकुरत निघाला. तिसऱ्याला पाना घसरला आणि इंजिनाच्या पोटात कुठेतरी, आपल्याला न दिसेल अशा ठिकाणी, जाऊन बसला. मग घरातून फ्रिजवरचं स्ट्रॉबेरीचं लोहचुंबक आलं. त्याला बांधायला दोरी हवी, ती सापडेना. आनंदीबाईंनी वाळत घातलेल्या परकराची नाडी ओढून दिली. हर्षला गटाराकाठी बोनेटवर पालथी, हातात नाडी, नाडीला स्ट्रॉबेरी, आणि बघायला हर्षदराव, वनितावहिनी, धर्माजीकाका, इस्त्रीवाला. विहिरीत पडलेली कळशी काढावी तसा गळ टाकणं चाललं होतं.

"अजून डावीकडे," हर्षदराव म्हणाले.

"माझी डावी की तुमची?"

"इंजिनाची."

पाना निघाला. टाळ्या पडल्या. या टाळ्यांच्या गडबडीत रुचूनं हर्षलाच्या कुडत्याचं टोक ओढलं.

"मम्मी, हिरवी टिकली पडली."

"थांब गं, रुचू."

"मम्मी, चमकी पण पडली."

"थांब म्हटलं ना!"

टोप्यांना तेलकट धूळ होती, तिथे टिकली किती टिकणार! हर्षलानं पाहिलं तेव्हा दोन टोप्या बोडक्या होत्या. हिरवी कुठली आणि चमकी कुठली? तिनं सगळ्यांकडे पाहिलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. ग्रुपवरचं विजेचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. जमिनीवरून दोन्ही टिकल्या उचलून तिनं अंदाजानं चिकटवल्या, बोटानं दाबल्या, आणि चेहरा असा ठेवला की जणू हे व्हिडिओतच होतं.

चारही प्लग बसले. वायरी टिकल्यांप्रमाणे लागल्या. आनंदीबाई तबक घेऊन फाटकाशी येऊन उभ्या होत्या. गाडी चालू झाली की बोनेटला कुंकू लावायचं होतं. नव्या साडीचा पदर त्यांनी दोन्ही खांद्यांवरून घेतला होता.

हर्षलानं चावी फिरवली.

आधी गाडी खोकली. मग अंगात आल्यासारखी घुमायला लागली. मग फट्ट! असा बार उडाला की वडाच्या झाडावरचे कावळे कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत गेले असतील. काळा धूर सुटला. इस्त्रीवाल्याच्या गाडीवरचे पांढरे शर्ट त्या धुरात उभे होते. आणखी एक फट्ट! मग सगळं बंद.

*

हर्षला खाली उतरली.

"काढा बघू एक प्लग बाहेर," हर्षदराव म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद ते लपवत होते, पण त्यांना लपवता येत नव्हता.

हर्षलानं एक काढून दाखवला. वनितावहिनी वाकल्या. त्या पांढऱ्या मातीवर पिवळी छटा होती.

"अगं बाई, ही तर हळद!"

"हळद?" हर्षदरावांनी प्लग उन्हात धरला. "बरोबर. अर्थिंग झालं. हळद ओली, ओल म्हणजे पाणी, पाणी म्हणजे करंट. ठिणगी बाहेरच्या बाहेर गेली."

"आम्ही इंजिनाला हार घालायचो," धर्माजीकाका म्हणाले, "पण समोर. आत नाही."

"सकाळी पूजा कोणी केली?" वनितावहिनींनी विचारलं, उत्तर त्यांना ठाऊक होतं, समोर तबक घेऊन उभं होतं. मग त्या हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून जुनी माणसं म्हणायची... प्रत्येक हाताचं एकेक काम असतं. मी काय म्हणते, उगाच नसतं हो काही."

"वहिनी!" धर्माजीकाकांचा आवाज चढला. "हाताचा काय संबंध? असलं बोलायचं नाही! हळद कोणीही लावली असती तरी गाडी बंदच पडली असती!"

त्यांना आनंदीबाईंची बाजू घ्यायची होती. घेता घेता त्यांनी हळदीवर शिक्का मारला.

आनंदीबाईंनी तबक डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात पदराखाली नेला. जसं काचेचं काही फोडलं की पोर हात पाठीमागे नेतं, तसं.

हर्षलाला सगळं माहीत होतं. हळद न्हाणीघरात गेली होती. दोष होता हिरव्या आणि चमकीच्या टिकलीत. म्हणजे तिच्या अंदाजात. तिला फक्त इतकंच म्हणायचं होतं: वायरी मी उलट्या लावल्या. चार शब्द. पाण्याच्या टाकीपाशी तिनं हजार शब्द वापरले होते. तिनं तोंड उघडलं. समोर हर्षदराव उभे होते, मोबाईल हातात. वनितावहिनी उभ्या होत्या. फिजिक्सवाली उभी होती.

"हो... असू शकेल," ती म्हणाली.

आणि मग बोनेटखाली मुंडकं घालून, सगळ्यांना दिसेल असं, तिनं चारही प्लग काढले आणि ओढणीनं पुसले. परत बसवले. वायरी लावताना मात्र, कोणाला दिसणार नाही असं, हिरव्या आणि चमकीच्या वायरींची अदलाबदल केली. चावी फिरवली. गाडी अशी गुणगुणायला लागली की जणू सासरे आत पेपर वाचत बसलेत.

"पुसली ना हळद? बघा!" हर्षदरावांनी टाळी वाजवली. खरोखर मनापासून वाजवली. माणूस वाईट नाही. "वहिनी, मानलं तुम्हाला! मी शब्द मागे घेतो." त्यांनी फोटो काढला. काळे हात, लाल गाडी, हसरा चेहरा. ग्रुपवर टाकलाही. खाली लिहिलं, आपल्या सोसायटीची शान. अंगठ्यांचा पाऊस पडला. आयुष्यात पहिल्यांदाच हर्षलाला वाटलं, कोणीतरी एक अंगठा उलटा टाकावा.

तिनं वळून पाहिलं. फाटकाशी कोणी नव्हतं.

*

वर गेली तर आनंदीबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. तबक मांडणीच्या वरच्या फळीवर, पितळेच्या डब्यांच्या मागे गेलं होतं. त्यांची नवी साडी घडी होऊन पलंगावर होती.

"चालली ना गाडी? बरं झालं गं बाय," त्या म्हणाल्या. "मला मेलीला काय कळतंय आतलं. तुला उगाच चार लोकांत खाली बघाया लागलं."

"आई, तसं नाही ते..."

"नाय गं, मी कुटं काय म्हणते? लसूण एवढी पुरंल ना?"

सांगायची वेळ होती. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मग रुचूनं पाणी सांडलं, मग देवेशचा फोन आला. "ग्रुपवर बघितलं! फॅक्टरीत सगळ्यांना दाखवलं मी! काय होतं गं नक्की?" हर्षला म्हणाली, "घरी आलास की सांगते." तो घरी आला तेव्हा पेढे घेऊन आला. पेढे तोंडात असताना असलं काही सांगता येत नाही. रात्री तिनं ठरवलं, सकाळी सांगू. सकाळ ही फार सोयीची गोष्ट आहे. तिच्यावर काहीही ढकलता येतं, बँकर लागत नाही.

दसऱ्याची सकाळ उजाडली. शेजारून धर्माजीकाका पांढऱ्याशुभ्र कपड्यांत विहाराकडे निघाले, जाताना गाडीवर कौतुकानं थाप मारून गेले. देवेशनं गाडीला झेंडूचा हार बांधला, चाकांखाली लिंबं ठेवली. हर्षलानं फळीवरून तबक काढलं आणि आनंदीबाईंपुढे धरलं.

"चला, आई. कुंकू लावा."

"तू लाव गं. तुजा हात गुणाचा."

"आई, तुम्हीच लावायचं. ठरलंय आपलं."

"लाव म्हटलं ना. आन मी काय म्हणते," आनंदीबाई हसल्या, ते हसू फार नीट, घडी घातलेलं होतं. "मी कोंडाण्याला रिक्षानं जाते. तुमी तिघं गाडीनं या मागनं. परत वाटंत काय झालं तर? आडवाटेचा रस्ता, पोर संगं. सोनी वाट बघत असंल."

"काही होणार नाही, आई!"

"तसं नाय. पण माजा जीव नाय होत गं त्यात बसायला."

देवेश गोंधळून दोघींकडे पाहायला लागला. फाटकाशी वनितावहिनी आपल्या स्कूटरला हार घालत होत्या. त्यांचा हात चालत होता पण कान थांबले होते. आनंदीबाई आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन निघाल्या, जुन्याच साडीत. ज्या गाडीत त्या इतके दसरे नवऱ्याशेजारी बसून गेल्या, तिला वळसा घालून, जरा लांबून, अंग चोरून गेल्या. जसं सोवळ्यातल्या माणसाला आपला धक्का लागू नये म्हणून जावं. फाटकाबाहेर, नगरपरिषदेच्या पट्टीवर, जाऊन रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या.

हर्षलाच्या हातात तबक होतं. तिनं हळदीत बोट बुडवलं. बोट बोनेटपर्यंत जाईना.

रुचू परकर-पोलक्यात, दोन्ही वेण्या घट्ट, आजीकडे बघत होती, मग गाडीकडे, मग मम्मीच्या पिवळ्या बोटाकडे. तिच्या कपाळावर हिरवी टिकली होती, पाकिटातली शेवटची.

"मम्मी," ती म्हणाली. आवाज लहान मुलांचा असतो तसाच होता, फाटकापर्यंत सहज जाणारा. "हळद तर तू ब्रशनं घासून टाकलीस ना? आणि टिकली पडली ते मी तुला सांगितलं होतं ना? मग आजी का रिक्षानं चाललीये?"